इम्प्लांटच्या आधी हाड आणि हिरडी भरून घेताना

दाढ काढून सहा-सात वर्षे झालेली असतात, आता इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रुतवून त्यावर बसवलेला दात, करून घ्यावे म्हणून माणूस पैशाची तजवीज करून दवाखान्यात येतो आणि फोटो पाहून डॉक्टर सांगतात, ‘हाड कमी आहे, आधी हाड भरावे लागेल.’ माझ्या खुर्चीवर हे वाक्य ऐकणाऱ्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच शंका उमटते, की आलो दातासाठी आणि बिल निघाले हाडाचे. ही शंका मला रास्त वाटते, कारण जबड्यातले हाड बाहेरून दिसत नाही, दुखत नाही आणि ते कमी झाल्याचे आजवर कोणी सांगितलेलेही नसते. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी हिरड्यांचे उपचार करताना रोज विचारले जाणारे प्रश्न समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. कोणत्या पायरीवर काय होते, त्याला किती दिवस लागतात आणि कोणता प्रश्न कधी विचारायचा, एवढे आधी ठाऊक असले म्हणजे निर्णय घेणे सोपे जाते.

हाड जाते कुठे

दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड दाताच्या जिवावरच टिकते. चावताना येणारा दाब मुळाभोवतीच्या तंतूंमधून त्या हाडाला पोचतो. दात गेला की हा दाब थांबतो आणि शरीर ते हाड हळूहळू शोषून घेऊ लागते. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या कंगोऱ्याची, म्हणजे दात धरणाऱ्या हाडाच्या उंचवट्याची, रुंदी साधारण निम्म्याने घटते आणि या घटीतला दोन तृतीयांश भाग पहिल्या 3 महिन्यांतच उरकतो. उंचीही उतरते, पण रुंदीच्या मानाने कमी.

शेतकरी रुग्णाला हे समजावताना मी बांधाचे उदाहरण देतो. शेजाऱ्याने दर हंगामात नांगराचे एक तास बांधाला लावून बांध कोरत न्यावा, तसे हे होते. लांबून पाहिले तर बांध जागेवरच असतो, पण एका अंगाने तो इतका कोरला गेलेला असतो की त्यावर पाऊल ठरत नाही. जबड्याचा कंगोराही ओठ आणि गाल यांच्या अंगाने आधी कोरला जातो, कारण त्या बाजूची हाडाची भिंत मुळातच पातळ असते. वरच्या समोरच्या दातांपुढे तर ती बहुधा 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते.

याशिवाय पायोरियाने दात हलत राहिले असतील, मुळाशी वर्षानुवर्षे पू साचला असेल किंवा सैल झालेली जुनी कवळी रोज त्याच जागेवर दाबत असेल, तर हाड आणखी वेगाने जाते. वरच्या दाढांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या डोक्यावर वरच्या जबड्याच्या हाडातली सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढ गेल्यावर ती पोकळी खाली उतरते, त्यामुळे तिथे हाड वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी घटते.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. हाड या धातूला परका न मानता त्याला घट्ट धरते, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रेनेमार्क यांनी प्रयोगांतून ओळखले आणि 1965 मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पण धरायला हाड सर्व बाजूंनी असावे लागते, आणि आपला सगळा प्रश्न तिथेच आहे.

दात अजून तोंडात असेल तर

ज्यांचा दात अजून काढायचा आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. दात काढण्याच्या दिवशीच, काढण्याआधी, डॉक्टरांना विचारावे की ‘पुढे इथे इम्प्लांट करायचा विचार आहे, तर खड्डा भरून ठेवण्याची गरज आहे का?’ या उपचारात दात शक्य तितक्या अलगद, भोवतालची भिंत न मोडता काढतात, खड्डा स्वच्छ करून त्यात हाडाचे दाणे भरतात, वर पडद्याचा, म्हणजे दाणे झाकणाऱ्या पातळ आवरणाचा, तुकडा ठेवून टाके घालतात आणि 3 ते 6 महिन्यांनी इम्प्लांट बसवतात. हाडाची घट याने पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते आणि अनेकदा पुढची मोठी शस्त्रक्रिया टळते.

प्रत्येक खड्डा भरलाच पाहिजे असे नाही. चारही भिंती जाड आणि शाबूत असतील व इम्प्लांट दोन महिन्यांत बसणार असेल, तर नुसत्या रक्ताच्या गुठळीवर जखम भरू दिली तरी चालते. खड्ड्यात पुष्कळ पू असेल, तर आधी तो आटोक्यात आणणे महत्त्वाचे असते. मात्र समोरच्या दाताची बाहेरची भिंत तुटलेली असेल, तर खड्डा भरून घेण्यात चालढकल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे दात काढण्याचा निर्णय वेदनेच्या भरात, बाजारच्या दिवशी आणि परतीच्या एसटीची वेळ पाहून घेतला जातो, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

मोजमाप

नुसत्या बोटाने चाचपून किंवा छोट्या एक्स-रेवरून हाड भरायचे ठरवणे योग्य नाही. संपूर्ण जबड्याचा ओपीजी फोटो उंचीचा अंदाज देतो, पण रुंदी दाखवत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन करावा लागतो. तो उभ्याने किंवा बसून काही सेकंदांत होतो, नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा त्यात किरणांचे प्रमाण सहसा कमी असते आणि मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी तो मिळतो. गर्भवती स्त्रीने ते आधी सांगणे आवश्यक आहे.

स्कॅनच्या पडद्यावर जबड्याचा काप दिसतो आणि डॉक्टर त्यावर रेघ ओढून मापे घेतात. ती मापे तुम्हीही पाहावीत. सर्वसाधारण इम्प्लांटचा व्यास 3.5 ते 4.5 मिलिमीटर असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना किमान 1 मिलिमीटर, बाहेरच्या अंगाला शक्यतो दीड ते 2 मिलिमीटर हाड उरावे लागते. म्हणजे कंगोरा 6 ते 7 मिलिमीटर रुंद असेल तर सहसा काही भरावे लागत नाही, आणि तो 3 किंवा 4 भरला तर भरावे लागण्याची शक्यता बरीच असते. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून 2 मिलिमीटर अंतर राखायचे असते. शेजारच्या दातापासून दीड आणि दोन इम्प्लांटांमध्ये 3 मिलिमीटर जागा सोडतात.

हे आकडे कळले की पुढचा प्रश्न विचारता येतो : हाड न भरता काही करता येईल का? अनेकदा येते. कमी लांबीचे किंवा कमी जाडीचे इम्प्लांट असतात, हाड असलेल्या जागी तिरके बसवण्याची पद्धत असते, दोन्ही बाजूंचे दात घासून बांधायचा ब्रिज असतो आणि संपूर्ण खालची कवळी हलत असेल तर पुढच्या भागातल्या दोन इम्प्लांटांवर ती बटणासारखी अडकवता येते. पुढच्या भागात हाड बहुधा उरलेले असते. सत्तरीच्या आजोबांना भाकरी कुस्करून का होईना पण चावून खायची असेल, तर मी हाड भरण्याआधी त्यांना हा दोन बटणांचा मार्ग सांगतो. या पर्यायांची चर्चाच न करता कोणी थेट हाड भरण्याचा दिवस देत असेल, तर दुसरे मत घ्यावे. स्कॅनची सीडी किंवा फाइल तुमच्या मालकीची असते, ती मागून घ्यावी.

शरीराची तयारी

भरलेल्या दाण्यांत जीव येतो तो तुमच्याच रक्तातून. म्हणून रक्तपुरवठा बिघडवणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब आधी करावा लागतो.

मधुमेहात सकाळची उपाशीपोटीची साखर पुरेशी सांगत नाही. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून आपल्याकडे ओळखली जाणारी एचबीए1सी ही तपासणी करावी. ती 7 च्या आसपास किंवा खाली असेल तर निर्धास्तपणे पुढे जाता येते, 8 च्या वर असेल तर मी तारीख पुढे ढकलतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करणे हृदयाच्या दृष्टीने धोक्याचे असते. त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी दंतवैद्यानेच बोलावे. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन सुरू असेल, कर्करोगासाठी हाडांना बळकटी देणारी औषधे घेतली असतील किंवा चेहऱ्या-मानेला किरणोपचार झाले असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. अशा जबड्यात शस्त्रक्रियेनंतर हाड उघडे पडून ते मरण्याचा धोका असतो आणि काही रुग्णांत हाड भरणे टाळणेच शहाणपणाचे ठरते.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की आमच्याकडच्या बायका हमखास नाही म्हणतात. मग मी विचारतो, ‘मावशी, मिश्री लावता का?’ तेव्हा उत्तर येते, ‘ती तर दात घासायला.’ मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच असते आणि ती दिवसातून चार वेळा हिरडीवर चोळली जाते, म्हणजे जिथे आपण टाके घालणार असतो नेमक्या त्याच जागी. तंबाखू-चुना, गुटखा, विडी, सिगारेट यांचे तसेच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी तोंडे पाहून ती जाणवत नाही. निदान शस्त्रक्रियेच्या एक आठवडा आधीपासून ते नंतर 8 आठवडे हे सर्व पूर्ण बंद ठेवायचे असते. ते जमणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे पैसे तरी वाचतील.

सुपारी आणि गुटख्याने गालाची कातडी आवळून तोंड कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहावे. जात नसतील तर यंत्राचे हँडल आणि ड्रिल दाढेपर्यंत पोचणेच अवघड होते, आणि त्या आवळण्याची तपासणी आधी करून घेणे अधिक निकडीचे असते, कारण ती अवस्था कर्करोगपूर्व मानली जाते.

उरलेल्या दातांवरचा किटण काढून हिरड्यांतले रक्त थांबवणे हेही याच पायरीत येते.

कोणते हाड भरणार, हे विचारा

हाडाचे साहित्य चार ठिकाणांहून येते. पहिले स्वतःचे : हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा फारच मोठी उणीव असेल तर कमरेच्या हाडातून. यात जिवंत पेशी असतात म्हणून ते सर्वांत सरस मानले जाते, मात्र त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते आणि कमरेचे हाड पुढे बरेचसे विरघळतेही. दुसरे मानवी दात्याचे, टिश्यू बँकेत प्रक्रिया करून निर्जंतुक केलेले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून अशी बँक आहे. तिसरे प्राण्यांच्या हाडातून सेंद्रिय भाग काढून टाकून उरलेले खनिज, जे बहुधा गाईगुरांचे असते. चौथे कारखान्यात तयार केलेले, म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोॲक्टिव्ह काच.

तिसऱ्या प्रकाराविषयी आपल्या भागात मोकळेपणाने बोलले जात नाही, याची मला खंत आहे. गळ्यात माळ घातलेला वारकरी, जैन कुटुंबातली आजी, नमाजी मुसलमान गृहस्थ, अशा कोणालाही दाणे गाईचे आहेत की पडदा डुकराच्या कातडीपासून केलेला आहे, हे शस्त्रक्रियेआधी कळण्याचा हक्क आहे. कोलॅजन या प्रथिनाचे पडदे बहुतेक वेळा गाय किंवा डुक्कर यांच्यापासूनच बनवतात. एका माळकरी गृहस्थांना दुसरीकडे भरलेल्या हाडाच्या बाटलीवरचे लेबल नातवाने वाचून दाखवले, तेव्हा ते माझ्याकडे येऊन ते काढून टाका म्हणून बसले होते. तोवर ते त्यांच्या हाडात रुजलेले होते. हा प्रसंग एका प्रश्नाने टळला असता.

वैद्यकीय बाजूने सांगायचे तर प्राणिजन्य खनिज फार सावकाश विरघळते, वर्षानुवर्षे आकार धरून ठेवते आणि त्याचा अनुभव जगभर मोठा आहे. कृत्रिम दाणे छोट्या, तीन-चार भिंतींच्या खड्ड्यात चांगले काम देतात, पण मोठ्या उघड्या जागेत त्यांच्या भरवशावर एकट्याने राहू नये; तिथे स्वतःच्या हाडाचा चुरा त्यांत मिसळावा. श्रद्धेमुळे एखादे साहित्य नको असेल तर बहुतेकांसाठी मार्ग निघतो, फक्त तो आधी ठरवावा लागतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

पोटभर खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन आणि सोबत एक माणूस घेऊन यावे. बहुतेक शस्त्रक्रिया नुसती जागा बधिर करून होतात. कमरेचे हाड घ्यायचे असेल तरच भूल लागते, आणि त्या वेळी उपाशी राहण्याच्या सूचना वेगळ्या मिळतात.

सर्वांत जास्त केली जाणारी पद्धत अशी असते. हिरडीला चीर देऊन ती हाडापासून पुस्तकाच्या पानासारखी उलटतात. उघड्या हाडाला बारीक ड्रिलने टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतात, कारण आतून रक्त आल्याशिवाय वरचे दाणे जगत नाहीत. मग परिचारिका काचेच्या लहान वाटीत बाटलीतले दाणे ओतते. ते कोरडे असताना बारीक रव्याएवढे, पांढरे आणि वाटीत खुळखुळणारे असतात; त्यावर तुमच्याच जखमेतले रक्त सोडले की क्षणात ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरतात आणि चमच्याने उचलून कोरलेल्या बाजूवर थापता येतात. काही ठिकाणी तुमच्या दंडातून थोडे रक्त घेऊन ते यंत्रात फिरवतात आणि मिळालेली पिवळसर, जेलीसारखी गुठळी त्यात मिसळतात. याला पीआरएफ म्हणतात आणि फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी ही रीत 2001 मध्ये मांडली. तिने हिरडीची जखम लवकर भरायला मदत होते. ती एकटीच मोठे हाड उभे करील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

दाण्यांवर पडदा अंथरतात. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात, त्यामुळे मध्ये आडोसा नसेल तर हाडाच्या जागी मऊ मांसच भरून बसते. विरघळणारा पडदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. न विरघळणारा किंवा टायटॅनियमची जाळी असेल तर ती पुढे काढावी लागते. कधी पडदा छोट्या पिनांनी ठोकून बसवतात, कारण दाणे हलले तर हाड धरत नाही. शेवटी हिरडी आतून सैल करून, ओढ न बसता पूर्ण मिटेल अशी शिवतात.

उणीव मोठी असेल तर दाण्यांऐवजी हाडाचा सलग तुकडा बारीक स्क्रूंनी घट्ट बसवतात. कंगोरा उंच पण अरुंद असेल तर तो मधून फाकवून जागा करता येते.

वरच्या दाढेसाठी सायनस लिफ्ट करतात. उरलेले हाड 5-6 मिलिमीटर असेल तर इम्प्लांटच्या भोकातूनच सायनसचा पातळ पडदा हळूच वर ढकलता येतो. ही रीत अमेरिकेतील दंतवैद्य रॉबर्ट समर्स यांनी 1994 मध्ये मांडली. हाड त्याहून कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडून तो पडदा उचलतात आणि खालच्या पोकळीत दाणे भरतात. सायनसचा पडदा अंड्याच्या कवचाच्या आतल्या पापुद्र्याएवढाच पातळ असतो आणि तो फाटणे हीच यातली नेहमीची अडचण असते. लहान फाट कोलॅजनच्या पडद्याचा तुकडा लावून सांधता येते. मोठी फाटली तर काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करणे योग्य ठरते, आणि असे थांबणारा डॉक्टर कामात कच्चा आहे असे समजू नये. सर्दी मुरलेली असेल, एका नाकपुडीतून घाण येत असेल, तर आधी कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे.

हिरडी विसरू नका

हाडावर जेवढे बोलले जाते तेवढे हिरडीवर बोलले जात नाही. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी, फिकट गुलाबी हिरडी निदान 2 मिलिमीटर रुंद असावी. ती नसेल, गालाची हलणारी कातडीच थेट इम्प्लांटला टेकत असेल, तर ब्रश लागताच दुखते, मग माणूस तिथे ब्रश लावत नाही, मग घाण साचून हाड पुन्हा उतरू लागते. हाड भरताना गालाकडची कातडी ओढून टाका घातलेला असल्यामुळे ही पट्टी बऱ्याचदा अरुंद होते, आणि म्हणून हाडाच्या पाठोपाठ हिरडीचे काम निघते.

टाळूवरून कातडीची पातळ पट्टी काढून तिथे शिवतात, किंवा समोरच्या दातांत जाडी हवी असेल तर टाळूच्या आतला मऊ थर काढून हिरडीखाली सरकवतात. पहिल्या रीतीत टाळूची जखम उघडी राहते आणि गरम चहाने भाजल्यासारखी दोन-तीन आठवडे झोंबते; टाळूवर प्लास्टिकची पातळ पट्टी बनवून घेतली तर जेवण सुसह्य होते, ती मागून घ्यावी. हे काम इम्प्लांटच्या आधी, सोबत किंवा त्याला कॅप लावण्यापूर्वी कधीही करता येते. माझी पसंती कॅपपूर्वीच्या वेळेला आहे, कारण तेव्हा किती कमी पडते ते नेमके दिसते.

घरी आल्यावर

पहिले 24 तास गालावर बाहेरून बर्फ दहा-दहा मिनिटे, थांबून थांबून धरावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि त्या दिवशी घाबरून फोन येतात. ती तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून सांगितलेले औषधी माउथवॉश नुसते तोंडात फिरवून सांडू द्यावे. क्लोरहेक्सिडिनने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ होतात. टाके 10 ते 14 दिवसांनी काढतात.

खाण्याचे सांगायचे तर ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि हुरडा यांना दोन-तीन आठवडे विसरावे. पहिल्या आठवड्यात ताक घालून मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, कोमट केलेले हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या चांगल्या शिजवून गार करून, आंबील, दूध, केळे हे चालते. नळीने ओढून काही पिऊ नये. ओठ उचलून आरशात टाके पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्या ओढीनेच टाके सैल होतात. उपवासाच्या किंवा रोजाच्या दिवसांत औषधांच्या वेळा सांभाळता येणार नसतील तर तारीख त्यांच्या नंतरची घ्यावी.

सायनस लिफ्ट झालेल्यांनी दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी, फुगा किंवा शंख फुंकू नये आणि कपालभाती, जलनेती बंद ठेवावी. पहिले दोन दिवस नाकातून थोडे रक्त आले तर ते अपेक्षित आहे.

चौथ्या दिवशी सूज वाढत असेल, ताप, पू किंवा घाण वास येत असेल, ओठ बधिरच राहिला असेल किंवा हिरडीतून पांढरे दाणे अगर पडदा डोकावत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. दोन-चार दाणे सुरुवातीला बाहेर येणे नेहमीचे असते.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींचे हाड भरले आणि त्यांची जुनी कवळी आतून न घासता तशीच परत दिली. बाराव्या दिवशी त्या आल्या, पदराच्या टोकाला बांधलेली पुडी सोडली आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, भाकरीत खडे लागत व्हते, म्हणून जमा केले.’ कवळीच्या दाबाने टाके उघडून भरलेले जवळपास सगळे दाणे निघून आले होते. तेव्हापासून मी पहिले दोन-तीन आठवडे कवळी घालूच देत नाही आणि नंतर देतो ती भरलेल्या जागेवर भरपूर पोकळ करून, आत मऊ अस्तर लावून देतो. समोरचा दात असेल तर शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात मागावा. काढ-घाल करायच्या दातापेक्षा तो पुष्कळ सुरक्षित असतो.

थांबण्याचे महिने

दाण्यांनी भरलेल्या किंवा तुकडा बसवलेल्या जागेला 4 ते 6 महिने, खिडकी पाडून केलेल्या सायनस लिफ्टला 6 ते 9 महिने आणि त्यानंतर इम्प्लांटला हाडाने धरायला आणखी 3 ते 6 महिने लागतात. उणीव लहान असेल आणि इम्प्लांट मूळच्या हाडातच घट्ट बसत असेल, तर हाड आणि इम्प्लांट एकाच दिवशी करून एक टप्पा वाचवता येतो. म्हणजे पुढच्या वैशाखातल्या लग्नात नवे दात हवे असतील तर आधीच्या पावसाळ्याच्या तोंडीच सुरुवात करावी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मी परतल्यानंतर चैत्रात या असे सांगतो; दिवाळीनंतर हाड भरून लगेच कारखान्याच्या भागात गेले तर टाके काढायलाही कोणी नसते. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांचाही असाच विचार करावा.

कोठे करावे, याबाबत थोडक्यात सांगतो. हिरडीतज्ज्ञ आणि मुखशल्यतज्ज्ञ यांचे हे शिक्षणातलेच काम आहे. दात बसवणाऱ्या तज्ज्ञाशी त्यांचे आधी बोलणे झालेले असावे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर, नांदेड आणि परभणी येथेही दंत महाविद्यालये आहेत. तिथे वेळ जास्त लागतो, पण हे सर्व विभाग एका छताखाली मिळतात. खर्चाचा कागद घेताना स्कॅन, दाणे, पडदा, हिरडीचे काम, इम्प्लांट आणि कॅप हे वेगवेगळे लिहून मागावे, आणि हाड धरले नाही तर पुन्हा भरण्याचे पैसे कोणी द्यायचे तेही त्याच कागदावर यावे.

मुदत संपल्यावर पुन्हा स्कॅन करतात आणि पहिल्या स्कॅनशेजारी ठेवून रुंदी मोजतात. माप पुरेसे आले तरच ड्रिल लावायचे. कमी आले तर इम्प्लांटसोबत थोडे पुन्हा भरता येते. इम्प्लांट बसवल्यावर त्याच्या डबीवरचे आणि हाडाच्या बाटलीवरचे असे दोन्ही स्टिकर, ज्यांवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक छापलेला असतो, डॉक्टरांकडून मागून घेऊन स्कॅनच्या फाइलमध्ये चिकटवावेत. दहा वर्षांनी मुलाकडे पुण्याला राहायला गेलात आणि तिथे कॅपचा स्क्रू सैल झाला, तर त्या डॉक्टरांना कोणता पाना लावायचा हे त्या स्टिकरवरूनच कळेल.